कॅश केबिनमधला मंत्रचळ

२०२२ सालच्या नोव्हेंबरमध्ये आमच्या शाखेतल्या संगणकाला जोडलेल्या ठशाच्या यंत्राने माझा अंगठा ओळखणे बंद केले. सकाळी कामाला बसताना प्रत्येक कर्मचाऱ्याने त्या छोट्या काचेवर बोट टेकवायचे, हिरवा दिवा लागला की आपले लॉगिन होते आणि मग दिवसाचे व्यवहार सुरू होतात. माझा अंगठा तीनदा नाकारला गेला, मग तर्जनी, मग डाव्या हाताची बोटे. यंत्र बिघडले असेल म्हणून शेजारच्या सहकाऱ्याने बोट ठेवून पाहिले, तर दिवा लगेच लागला. विभागीय कार्यालयाला फोन करून माझ्यासाठी पासवर्डची तात्पुरती सवलत मिळवण्यात साहेबांचा पाऊण तास गेला आणि तोवर काउंटरसमोर पंचवीस-तीस माणसांची रांग लागली. मी खुर्चीत बसून बोटांकडे पाहत होते. त्यांच्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. साबण, सॅनिटायझर आणि गरम पाणी यांनी त्या झिजवल्या होत्या, हे मला ठाऊक होते. तरीही त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो हा, की या काचेवर माझ्याआधी किती जणांनी बोटे टेकवली असतील आणि आता हात धुवायला कधी उठता येईल.

मी सांगलीतल्या एका बँकेत गेली बारा-तेरा वर्षे रोखपालाचे काम करते. शाखा मार्केट यार्डाच्या परिसरात असल्यामुळे आमच्याकडे येणारी रोकड बहुतेक हळद, बेदाणा आणि गूळ यांच्या सौद्यांतली असते. राजापुरी हळदीचा हंगाम रंगात आला की नोटांचा रंगच बदलतो. शंभराची जांभळट नोट कडेने पिवळी पडते, मुळातच पिवळी असलेली दोनशेची नोट आणखी गडद दिसते आणि केबिनमध्ये दिवसभर हळदीचा उग्र वास भरून राहतो. आपल्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, त्यामुळे घाम, तेल, तंबाखू, हळद यांपैकी जे जे वाट्याला येईल ते ती मुरवून घेते. नोटा मोजताना बोटांना ओल लागते म्हणून आमच्या टेबलावर स्पंजची डबी असते. खातेदारांकडे ती नसते, ते बोट जिभेला लावतात. हे सगळे मी पहिली आठ वर्षे रोज पाहिले आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. २०१६ च्या नोटाबंदीत तर मी रात्री दहापर्यंत नोटा मोजल्या, दुपारचा डबा त्याच टेबलाच्या कडेला उघडला आणि हात कधी धुतले, कधी ओढणीला पुसले. म्हणूनच पुढे जे झाले त्याला माझा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही.

सुरुवात मला नेमकी सांगता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि निम्मे शहर बुडाले. पाणी ओसरल्यानंतर लोक भिजलेल्या नोटा घेऊन बँकेत येऊ लागले. कोणी त्या दोरीवर वाळवून आणल्या होत्या, कोणी तशाच. एका वयस्कर गृहस्थांनी लोखंडी पेटीतून निघालेला नोटांचा एक गोळाच माझ्यासमोर ठेवला. चिखलाने चिकटलेल्या त्या नोटा एकेक करून सोडवताना माझा तासभर गेला आणि तो वास हाताला दोन दिवस राहिला. त्याच आठवड्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलीला ताप आणि उलट्या झाल्या. पूर ओसरलेल्या गावात त्या दिवसांत घरोघर हेच चालले होते आणि डॉक्टरांनी पाण्याचे कारण सांगितले. पण माझ्या मनाने आपला हिशेब केव्हाच मांडला होता: तो गोळा, माझे हात, तिचे ताट. त्या रात्री मी बँकेतून आणलेली पर्स फिनाईलने पुसली, आणि ती पुसल्यावर मला शांत झोप लागली. आज मागे वळून पाहताना वाटते की खरी गडबड त्या शांत झोपेने केली.

सात महिन्यांनी कोरोना आला आणि माझे खासगी नियम एका रात्रीत सरकारी नियम झाले. बँका अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे टाळेबंदीतही आम्ही कामावर होतो. तेव्हा सारे जगच हात धूत होते. धनादेशावर इस्त्री फिरवणाऱ्या रोखपालाची चित्रफीत मोबाइलवर फिरत होती. आमच्या शाखेत मी आदर्श ठरले. कोणत्या पृष्ठभागावर काय फवारायचे हे सहकारी मला विचारत असत आणि मला त्याचा अभिमान वाटत असे. एवढे करूनही एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरातल्या सगळ्यांना कोरोना झालाच. सासरे नऊ दिवस ऑक्सिजनवर होते आणि बरे होऊन घरी आले. संसर्ग कोणी आणला हे कळायला काहीच मार्ग नव्हता. एवढे धुऊनही आजार आला, म्हणजे धुण्याचा उपयोग नाही, असा निष्कर्ष कोणी काढला असता. मी काढला तो असा, की माझे धुणे कमी पडले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले होते की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने हा संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. ते मी वाचले आणि माझ्या लक्षात राहिला तो फक्त त्या दहा हजारांतला एक.

जग पुढे सरकले, मास्क खाली आले, फवारण्या थांबल्या. माझे मात्र वाढत गेले. २०२२ च्या अखेरीस माझा दिवस असा होता. शाखेच्या दाराला मी कोपराने धक्का देत असे किंवा कोणी दार उघडेपर्यंत मोबाइलवर बोलत असल्याचे नाटक करीत बाहेर उभी राहत असे. खुर्ची, कीबोर्ड, शिक्के, पिन कुशन हे सगळे पुसायला वीस मिनिटे जात. स्ट्राँगरूमच्या जोडकिल्ल्यांपैकी माझ्या ताब्यातली किल्ली मी प्लास्टिकच्या पिशवीतून, तिला बोट न लावता फिरवत असे. रोखपालाला केबिन सोडायची असेल तर ड्रॉवरला कुलूप लावावे लागते, लॉगआउट व्हावे लागते, केबिनचे दार बंद करावे लागते. हे सगळे मी दिवसातून बारा-चौदा वेळा करीत असे, आणि परतताना कुलपाला, दाराला, माऊसला हात लागल्यामुळे धुतलेले हात पुन्हा माझ्या लेखी अशुद्ध होत असत. हात धुण्याची मोजणी होती: चार वेळा साबण, प्रत्येक वेळी वीस आकडे, आणि मध्ये कोणी हाक मारली तर पहिल्यापासून. घरी दारातच एक बादली ठेवलेली असे. बँकेतले कपडे तिच्यात टाकून मगच मी आत पाऊल टाकीत असे. मी स्वतः आजारी पडेन याची मला फारशी भीती नव्हती. माझ्या हातून कोणाला तरी काहीतरी लागेल आणि ते मला कधीच सिद्ध करता किंवा नाकारता येणार नाही, ही भीती होती.

या काळात शाखेतल्या कोणी मला हसले नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे, कारण पुढे कळले की त्यातही एक अडचण होती. आमचे शिपाई मामा मला येताना पाहिले की धावत येऊन दार धरीत. "ताई, तुमी जावा आत, मी उघडतो की," हे त्यांचे ठरलेले वाक्य. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण मळक्या नोटांची गड्डी आपल्याकडे ओढून घेत असे. साहेबांनी माझ्या केबिनजवळ सॅनिटायझरचा पंप बसवून दिला. सगळ्यांनी मिळून माझ्याभोवती जणू एक कुंपण घातले होते आणि त्या कुंपणाच्या आत माझी भीती निवांत वाढत होती.

हातमोज्यांचा प्रसंगही याच काळातला. मी एकावर एक दोन मोजे घालून रोकड घेऊ लागले होते. खरी नोट ओळखण्यासाठी रोखपाल डोळ्यांइतकाच बोटांवर विसंबतो. पाचशेच्या नोटेवरचे गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या पाच तिरक्या रेघा उठावाने छापलेल्या असतात आणि सरावलेल्या बोटाला त्या न पाहता लागतात. दोन मोज्यांच्या आतल्या, कातडी सोललेल्या बोटाला काय लागणार? आमच्याकडून गेलेल्या रोकडीत पाचशेची एक बनावट नोट करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे शाखांची रोकड जमा होते त्या तिजोरीत, सापडली आणि गड्डीच्या पट्टीवर सही माझी होती. पाचशे रुपये मी भरले. त्याचे दुःख नव्हते. अकरा वर्षांत माझ्या हातून अशी नोट सुटली नव्हती, ही गोष्ट मात्र मला लागली.

ठशाच्या यंत्रानंतर साहेबांनी मला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले आणि मी मलम मिळेल या अपेक्षेने गेले. त्या बाईंनी विचारले, दिवसातून किती वेळा हात धुता. मी दहा-बारा वेळा म्हणून सांगितले. त्यांनी काही न बोलता माझा हात उलटा केला आणि बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मनगटाच्या वर चार बोटांवर लाल, भेगाळलेली कातडी एका सरळ रेषेत संपत होती आणि तिथून पुढे निरोगी कातडी सुरू होत होती. मोजा घालावा तशी. "साबण इथे थांबतो ना?" त्यांनी त्या रेषेवर पेनाचे टोक ठेवून विचारले. मग त्यांनी मलम लिहून दिले, आणि चिठ्ठीच्या खाली मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे असेही लिहिले. ती चिठ्ठी पाच आठवडे माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती.

ती बाहेर काढायला लावली मुलीने. एका संध्याकाळी ती शाळेतून आली, दारातच थांबली आणि दप्तर बादलीत टाकू का म्हणून विचारू लागली. मग म्हणाली, "आई, मी पेन्सिल पण धुतली आहे, मैत्रिणीने घेतली होती म्हणून." ती नऊ वर्षांची होती. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, कारण नाव न सांगता कोणाशी तरी बोलायचे होते. पलीकडच्या बाई मराठीत बोलत होत्या. त्यांनी मला काही शहाणपण शिकवले नाही. मी सांगितले ते ऐकून घेतले आणि विचारले की, तुमच्या गावात जवळ कोण आहे हे बघायचे का. मी म्हणाले, चिठ्ठी आहे माझ्याकडे.

मिरज सांगलीहून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे आणि दवाखान्यांचे गाव म्हणून सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत आहे. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तासभर विचारपूस केल्यावर सांगितले की याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यांच्यापायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती यांचा आजार, आणि मग म्हणाले, आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. कोणी तीनतीनदा कुलूप ओढून पाहू लागले की आजी म्हणायची, काय मंत्रचळ लागलाय. तो आजार असतो आणि शंभरातल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी होतो, हे मात्र ठाऊक नव्हते. मी त्यांना म्हणाले की आमच्या आजीचे सोवळे कडक होते, तेच माझ्यात उतरले असेल. त्यावर त्यांनी विचारले, आजींचे सोवळे कधी संपायचे? मी विचारात पडले. आजी आंघोळ करून, धाबळी नेसून स्वयंपाकाला लागली की तिचे समाधान झालेले असे. जेवणे उरकली की ती सोवळे सोडून ओट्यावर गप्पा मारीत बसे. तिच्या नियमांना शेवट होता आणि तो तिला कळत असे. माझ्या धुण्याला शेवटच नव्हता. हात स्वच्छ झाले की नाही हे मला डोळ्यांनी दिसत असूनही पटत नसे.

त्यांच्याच दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ असलेल्या मॅडमनी माझी दहा प्रश्नांची तपासणी केली. ही येल-ब्राऊन या नावाने ओळखली जाणारी मोजपट्टी. पाच प्रश्न विचारांबद्दलचे, पाच कृतींबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. माझे २८ आले. २४ ते ३१ हा गट तीव्र समजला जातो. परीक्षेत गुण जास्त मिळाल्याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते, असे मी म्हटले, तेव्हा मॅडम हसल्या आणि मीही बऱ्याच दिवसांनी हसले.

औषधांबद्दल थोडक्यात लिहिते. मला सर्ट्रालिन सुरू केले. पहिले दोन आठवडे मळमळ आणि उचटलेली झोप याशिवाय काहीच जाणवले नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की नैराश्यापेक्षा या आजारात मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, त्यामुळे मधेच सोडू नये. त्यांनी हे सांगितले नसते तर मी तिसऱ्या आठवड्यात नक्की सोडले असते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास विचार येणे थांबले नाही, पण ते विचार पूर्वी ओरडत होते, ते आता बोलू लागले, एवढाच फरक पडला. तो पुरेसा होता, कारण खरे काम दर गुरुवारी मॅडमच्या खोलीत व्हायचे होते.

त्या उपचाराची कल्पना ऐकायला सोपी आहे: ज्याची भीती वाटते त्याला ठरवून हात लावायचा आणि नंतर धुवायचे नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवरचा असा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून ही पद्धत वाढत गेली. मॅडमनी मला एक आलेख काढून दाखवला. भीती चढते, मी हात धुते, भीती झटकन उतरते. आणि मेंदू एवढेच शिकतो की धुतले म्हणून वाचलो. न धुता थांबले असते तर काय झाले असते हे त्याला पाहायलाच मिळत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी मोठ्याने बजावतो. मी त्यांना विचारले, पण नोटांवर जंतू असतात हे खरेच आहे ना? मला वाटले होते त्या नाही म्हणतील आणि मग मी वाद घालीन. त्या म्हणाल्या, "असतात. नोटांवर जंतू नसतात असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. बाकीचे रोखपाल त्या जंतूंसकट कसे जगतात, एवढंच आपण शिकायचं." स्वच्छतेचा नियमही ठरला. शौचानंतर आणि जेवणाआधी, साबणाने, एकदाच, वीस सेकंद. ही सवलतही सरावापुरती कधीकधी काढून घेतली जाईल, असे त्यांनी तेव्हाच बजावले.

मग आम्ही चौदा ओळींची यादी केली. सर्वांत वर, शून्य ते शंभराच्या मापावर वीस गुणांची भीती असलेले काउंटरवरचे दोरीला बांधलेले पेन. मग शाखेच्या दाराची मूठ, मग किल्ली, मग मोजे न घालता हळदीच्या नोटा, जिभेची ओल लागलेली नोट, न धुतलेल्या हाताने खाणे, आणि सर्वांत खाली, शंभराला, शाखेतल्या स्वच्छतागृहाची कडी. यादी करताना माझ्या तळहातांना घाम आला होता. नुसते शब्द लिहिण्याने एवढे होत असेल तर हे आपल्याला झेपणार नाही, असे मला वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले.

किल्लीचा दिवस मला पूर्ण आठवतो. प्लास्टिकच्या पिशवीतली माझ्या लॉकरची एक जुनी किल्ली, जी बँकेत वापरात होती, मी मिरजेला नेली होती. मॅडमनी ती आधी स्वतः हातात घेतली, गालाला लावली आणि मग माझ्या तळहातावर ठेवली. पितळेची, गार, दात्यांमध्ये काळे तेल साचलेली. दर पाच मिनिटांनी त्या आकडा विचारीत आणि लिहून घेत. ५५. ७०. ७५. विसाव्या मिनिटालाही ७५. माझी बोटे आपोआप एकमेकांपासून दूर फाकली होती, जणू त्यांच्यात ओला रंग होता. त्या मला धीर देत नव्हत्या, हे मला फार खुपत होते. काही होणार नाही ना, असे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिले: "कदाचित होईल, कदाचित नाही." चाळिसाव्या मिनिटाला आकडा ६० झाला, तासाच्या शेवटी ४५. बरे वाटले असे म्हणता येणार नाही, कंटाळा आला. भीतीचा कंटाळा येऊ शकतो, ही माहिती मला नवी होती. पुढे असेही दिवस आले की आकडा शेवटपर्यंत उतरलाच नाही, आणि तेव्हा मॅडम म्हणाल्या की तो उतरलाच पाहिजे असे नाही. ७० वर असतानाही तुम्ही स्कूटर चालवत घरी जाऊ शकता, हे शिकलात तरी पुष्कळ झाले.

घरातली बादली नवऱ्याने उचलून माळ्यावर ठेवली. हात नीट धुतले का, असे मी विचारले की त्याने उत्तर द्यायचे नाही असे ठरले होते. पहिल्या आठवड्यात आम्ही तीनदा कडाक्याचे भांडलो. न धुण्याच्या त्या दिवसांत मी घरात किती असह्य झाले होते, हे सासूबाईंना विचारावे.

शाखेत सांगायचे की नाही हा प्रश्न अवघड होता. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे कोणाला काय सांगायचे हे मीच ठरवायचे, असे मॅडमनी सांगितले. मला रोकडीवरून काढून मागच्या टेबलावर बसवतील, याची धास्ती होती. आणि खरे सांगायचे तर ती नुसती धास्ती नव्हती, थोडी इच्छाही होती. शेवटी मी साहेबांना, शेजारच्या मैत्रिणीला आणि मामांना सांगितले. साहेबांनी खरोखरच टेबल बदलून देऊ केले. मी नको म्हणाले, तेव्हा माझा आवाज कापत होता. मैत्रिणीने मळक्या नोटा पुन्हा माझ्याकडे सरकवायला सुरुवात केली. मामांना मात्र समजावणे कठीण गेले. माझ्यासाठी दार उघडू नका, असे मी सांगितल्यावर त्यांना वाटले की त्यांचे काही चुकले. दुसऱ्या दिवशी मी दारापाशी आले तेव्हा ते सवयीने उठले, दोन पावले चालून थांबले आणि हात पाठीमागे बांधून मोठ्या कष्टाने म्हणाले, "उघडा ताई. मी बगत नाही तिकडं." मी मूठ पूर्ण पंजाने धरून ओढली. संध्याकाळी निघताना त्यांनी विचारले, "उद्या पण मीच बसू का गप?"

मे २०२३ मध्ये उपचार निम्म्यावर आले असताना दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली आणि यादीतल्या पुढच्या चार-पाच ओळी माझ्या काउंटरवर चालून आल्या. डाळीच्या डब्यातून, डांबराच्या गोळ्या घातलेल्या ट्रंकेतून, देवघरातल्या पोथीतून नोटा निघाल्या. मी मॅडमना फोन करून म्हणाले, या महिन्यापुरते मोजे घालू द्या. त्या म्हणाल्या, एवढी फुकटची शिकवणी परत मिळणार नाही. एका तिसऱ्या शनिवारी त्या स्वतः खातेदारासारख्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा क्रमांक आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहत शांतपणे अंगठा जिभेला लावला, पाच नोटा मोजल्या आणि जाळीखालून पुढे सरकवल्या. मला राग आला, मग हसू आले, मग पोटात कालवले, सगळे एकापाठोपाठ. नोटा मी उघड्या बोटांनी घेतल्या, प्रकाशात धरल्या आणि कडेच्या उठावदार रेघांवरून बोट फिरवले. सात रेघा. मला त्या लागल्या. मलम आणि न धुणे यांमुळे बोटांना पुन्हा कातडी आली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

त्या दिवशी दुपारी कॅश बंद केल्यावर मैत्रिणीने भडंगाची पुडी टेबलावर उघडली. ठरल्याप्रमाणे मी हात धुतले नव्हते. तळहातावर घेतलेल्या भडंगाला हळद, तिखट, तेल होतेच. माझ्या बोटांवरची हळद कोणती आणि त्यातली कोणती हे वेगळे करता येत नव्हते. पहिला घास मी दाताच्या कडेने, ओठ न लावता घेतला. मैत्रीण म्हणाली, असे खाल्लेले चालत नाही म्हणे, तुझ्या मॅडमनी सांगितले आहे. मग मी मूठभर तोंडात टाकले. पुढचे दोन दिवस मी पोटात कुठे दुखते का याचा शोध घेत होते, आणि तोही एक प्रकारचा हात धुणेच आहे, हे मॅडमनी पुढच्या गुरुवारी दाखवून दिले.

सोळा बैठका झाल्या तेव्हा माझे गुण १३ होते, म्हणजे सौम्य गट. त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या एका सहकाऱ्याला कावीळ झाली आणि मी तीन दिवसांत जवळजवळ होते तिथे जाऊन पोहोचले. शाखेतला पाण्याचा पिंप बदलणे योग्यच होते, ते सगळ्यांनी मिळून केले. पण मी त्याच्या टेबलावरून आलेली व्हाउचर्स चिमट्याने उचलू लागले, आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन दारात थबकले, बादली शोधत. मुलगी आतून म्हणाली, "आई, ती माळ्यावर आहे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिने नुसती माहिती दिली. मी तशीच आत गेले आणि मॅडमना फोन लावला. त्यांना आश्चर्य वाटले नाही, याचेच मला आश्चर्य वाटले. व्हाउचर्सची एक छोटी सहा ओळींची यादी झाली आणि ती तीन आठवड्यांत संपली.

सध्या औषधाची मात्रा कमी करत आणली आहे. तीन महिन्यांतून एकदा मिरजेला जाते. हात दिवसातून सात-आठ वेळा धुतले जातात. ठशाचे यंत्र माझा अंगठा बहुतेक वेळा घेते. हंगामात कधीकधी घेत नाही, पण तेव्हा ते कोणाचाच घेत नाही, कारण काचेवर हळद बसलेली असते आणि मामा ती धोतराच्या टोकाने पुसतात. जिभेला बोट लावणारा खातेदार समोर आला की अजूनही पोटात एक आकडा उमटतो, तीस-पस्तीसचा, आणि मी तो आकडा घेऊन मोजणी चालू ठेवते. यादीतली चौदावी ओळ, स्वच्छतागृहाची कडी, तेवढी राहिली आहे. ती मी दोनदा धरली, पण दोन्ही वेळा आत जाऊन कोपरापर्यंत धुतले, म्हणून मॅडमनी तिच्यापुढे खूण केलेली नाही. येत्या गुरुवारची बैठक तिच्यासाठीच आहे.